तिसरी काच

“बाई, जावईबापू पुन्हा यादीतून पडले.”

तस्लीम दारातूनच म्हणाली. हातात छापील कागदांचा गठ्ठा, ओढणीच्या टोकाला शाईचा डाग. मी चष्मा कपाळावर सरकवला.

“कितव्या पद्धतीत?”

“दुसऱ्या. पहिल्या पद्धतीत पहिल्या दहांत होते. तिसरीत उंबऱ्यावर उभे आहेत. आत घ्यायचं की नाही, कळत नाही.”

“आणि सासरेबुवा काय म्हणतात?”

“सरांना पहिली पद्धत फार शास्त्रीय वाटते.”

जावई म्हणजे ज्वारीतलं एक जनुक. त्याचं खरं नाव दोन अक्षरं आणि चार आकड्यांचं होतं, पण आमच्या प्रयोगशाळेत ते कुणी घेत नसे. डॉक्टर श्रीपाद खळदकरांनी अकरा वर्षं त्या एका जनुकावर घालवली होती. पाणी तोडलं तरी ज्वारी तग धरते ती याच्याच जोरावर, अशी त्यांची श्रद्धा. प्रयोग कुठलाही असो, आधी जावयाचं पान मांडायचं, मग बाकीच्यांचं. आम्ही त्याला काय म्हणतो हे त्यांना माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं ते दाखवत.

ही २००४ सालातली गोष्ट. मी कॉलेजातून संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि नगर रस्त्यावरच्या त्या संस्थेत आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून जात होते. आता अठ्ठ्याहत्तरीत कालचं जेवण आठवत नाही, पण त्या मे महिन्यातला एकेक कागद डोळ्यांपुढे आहे. तेव्हा तर माझ्या स्मरणशक्तीची थट्टाच व्हायची. अडुसष्ट सालच्या वर्गाचे हजेरी क्रमांक मला पाठ होते.

तस्लीम मुलाणी ही खळदकरांची विद्यार्थिनी. पीएचडीचं शेवटचं वर्ष. बार्शीच्या एका कॉलेजात तिची निवड झाली होती, पण पंधरा जूनच्या आत प्रबंध सादर झाला तरच. प्रबंधाच्या शीर्षकात जावयाचं नाव होतं. ते अर्थात सासऱ्यांनी घातलेलं.

तिचा प्रयोग असा होता. बोटभर लांबीची एक काच. तिच्यावर तीन हजार बहात्तर ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक जनुक. तहानलेल्या रोपाच्या पानाचा अर्क लाल रंगवायचा, पाणी मिळालेल्या रोपाचा हिरवा, आणि दोन्ही एकत्र करून काचेवर सोडायचे. जो ठिपका लाल चमकेल ते जनुक तहानेनं जागं झालं. एका काचेवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून कुंड्यांचे चार वेगळे संच आणि चार काचा.

आणि घोळ तिथेच होता. एक काच उगाचच उजळ निघते, दुसरी मंद. हिरवा रंग फिकट ठिपक्यांवर जरा जास्तच मिरवतो. आधी सगळं समपातळीवर आणायचं आणि मगच तुलना करायची. तस्लीमला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “हे परीक्षेतलं मॉडरेशन आहे. चार परीक्षक आहेत. एक सढळ, एक चिक्कू. तिसरा हुशारांशी सरळ वागतो, पण नापास होणाऱ्यांना दयेनं मार्क देतो. कुणाचे मार्क कसे ओढायचे, एवढंच ठरवायचंय.”

ठरवायला पद्धती तीन होत्या. पहिलीत प्रत्येक काचेचा मधला आकडा सारखा करायचा. दुसरीत एक वळणरेषा काढून फिकट ठिपक्यांना वेगळा न्याय द्यायचा आणि ठळकांना वेगळा. तिसरीत चारही काचांची शिडी जबरदस्तीनं सारखी करायची, पायरीला पायरी जुळवून. प्रत्येक पद्धतीतून जागी झालेल्या जनुकांची यादी वेगळी येत होती, आणि जावई त्यांच्यामधून पाहुण्यासारखा हिंडत होता.

आम्ही दोघी खळदकरांच्या केबिनमध्ये गेलो.

“ढवळीकरबाई,” ते म्हणाले, “पद्धत म्हणजे चष्मा. ज्यातून दिसतं तो घालायचा.”

“डॉक्टर, ज्यातून हवं तेच दिसतं त्याला चष्मा म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“प्रेम.”

तस्लीमनं खाली वाकून नसलेलं पेन शोधलं. खळदकर हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. ते मला नेहमी म्हणायचे, संख्याशास्त्रवाले म्हणजे पंगत उठल्यावर येणारे पाहुणे, किती पोळ्या उरल्या ते मोजायला. हे त्यांनी दोन परिषदांमध्ये व्यासपीठावरून सांगितलं होतं, मी पहिल्या रांगेत बसलेली असताना. मीही हसले होते. सगळे हसले होते.

“पेपर तपासताना मुलांची नावं झाकतात,” मी म्हणाले. “आपणही झाकू. प्रत्येक जनुकाला नुसता क्रमांक द्यायचा. कुठल्या क्रमांकामागे कोण, ती यादी पाकिटात घालून लाखेनं बंद करायची आणि पाकीट तुमच्याच कपाटात ठेवायचं. आधी पद्धत ठरवू, सह्या करू, मग पाकीट फोडू.”

“आणि पद्धत ठरवणार कशावरून?”

“दोन अटी, आत्ताच लिहून ठेवू. एक, चारही काचा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. पण नुसतं जुळून भागत नाही. कॉपी केलेले पेपरही जुळतात. म्हणून दुसरी अट, साक्षीदारांनी खरं बोललं पाहिजे.”

साक्षीदार म्हणजे प्रत्येक काचेवर मुद्दाम घातलेले काही ठिपके. त्यांचं उत्तर आम्हाला आधीच माहीत होतं, लाल हा हिरव्याच्या बरोबर दुप्पट. ज्या पद्धतीनंतर ते दुप्पटच राहतील ती पद्धत प्रामाणिक.

खळदकरांनी अटींचा कागद दोनदा वाचला. “मान्य,” ते म्हणाले. “जावई... आपलं, ते जनुक कुठल्याही परीक्षेला बसायला तयार आहे.”

रविवारी दुपारी मी घरी बसून तीन हजार बहात्तर जनुकांना क्रमांक लावले. सोमवारी पाकीट त्यांच्या कपाटात गेलं.

बुधवारी आम्ही तिघं लांब टेबलाशी बसलो. तिसरी पद्धत आधी गेली. काचा सुरेख जुळत होत्या, पण दुप्पट म्हणायला हवं तिथे साक्षीदार दीडपट म्हणत होते. पहिलीत फिकट साक्षीदार चाचरत होते. दुसरीत, त्या वळणरेषेच्या पद्धतीत, साक्षीदार अगदी ठणठणीत. फक्त काचा जुळेनात, कारण तिसरी काच बाकीच्यांपेक्षा सारखी ओरडून बोलत होती.

“ही काच बिघडलेली आहे,” मी म्हणाले. “कडेला डाग बघा किती. काढून टाकू.”

“चारातली एक काढली तर तीन राहतात, बाई,” खळदकर म्हणाले.

“गणित सुधारलंय तुमचं.”

तीन काचांचं गणित तस्लीमनं तिथेच संगणकावर केलं आणि कागद छापून आणले. मी चाळू लागले.

“वा! आता कशा जुळल्या बघा. २११७सुद्धा कसा मुकाट खाली बसला.”

पान उलटलं. तस्लीमची पेन्सिल थांबली, एवढं मला ओझरतं दिसलं. मग आम्ही सह्या केल्या. पाकीट लगेच फोडायला मी तयार होते, पण खळदकर म्हणाले, “उद्या गुरुवार आहे. उद्याच फोडू.” पेशीच्या पोटातलं सगळं समजणारा माणूस, पण गुरुवार सोडायचा नाही.

चार वाजता मी घरी निघाले तेव्हा तस्लीम काचघरात कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं झारी खाली ठेवली नाही.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावेन. विचार.”

“तीन हजार बहात्तरांत तुम्हाला २११७च का दिसला?”

“कुठला तरी एक दिसायचाच की गं.”

“होय की.” ती पुढच्या कुंडीकडे गेली. “तो कोण आहे ते मला सांगू नका. मला माहीत नाही आणि आत्ता कळूनही घ्यायचं नाही. पण तुम्हाला माहीत आहे. क्रमांक तुम्हीच लावलेत आणि तुम्ही काही विसरत नाही.”

“अगं, मी त्याचा विचारसुद्धा केला नाही.”

“नसेल केला. पण बाई, चौथ्या काचेवरही तिसरीइतकेच डाग आहेत. मीच धुतल्यात चारी. चौथी तुम्ही ठेवलीत.”

मी एक पालथी कुंडी बघून बसले. साडीला माती लागली ते घरी गेल्यावर कळलं.

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या होत्या. नाव झाका, गाव झाका, जात झाका, मग मार्क द्या. स्वतःच्या डोळ्यांचा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण माझे डोळे म्हणजे जणू तराजूचा काटा. त्या रविवारी क्रमांक लावताना जावयाला २११७ मिळाला आणि मी सहज त्याचे चार काचांवरचे आकडे पाहिले होते. सहजच. तिसऱ्या काचेवर तो सगळ्यांत उंच होता. बुधवारी डाग मला तिसऱ्याच काचेवर दिसले. हातून काही पाप झालं नव्हतं, फक्त हात तिकडे वळला होता. तो का वळला हेही मला त्या कुंडीवर बसल्या बसल्या समजलं. खळदकरांना त्यांच्या जावयाचा मोह होता. मला जावई पडलेला बघायचा होता. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुणीला एकदा यजमानाचं पान उचलायचं होतं.

“तुला काय हवंय?” मी विचारलं. “तो आत की बाहेर?”

“मला बार्शीला जायचंय, बाई. शीर्षक बदललं तर पुन्हा लिहायचं, हे परत करायचं तर आणखी दिवस जाणार. आज सव्वीस तारीख आहे.” तिनं आता झारी ठेवली. “पण तिथे पुढची तीस वर्षं पोरं मला विचारणार, मॅडम, तुम्ही कसं ठरवलं? तेव्हा मला अडखळायचं नाही.”

“उद्याच्या पाकिटाचं काय?”

“फोडायचं नाही. सरांना तुम्ही सांगा.”

“मीच?”

“मी सांगितलं तर ते आठवडाभर नाचतील. तुम्ही सांगितलंत तर गप्प बसतील.”

गुरुवारी सकाळी खळदकर स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी उभ्यानंच सांगितलं. जे झालं ते, त्याच क्रमानं. त्यांनी खुर्ची मागे टेकवली, चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं.

“म्हणजे पान झाकायला सांगून तुम्हीच झाकण उचलून बघत होतात.”

“हो.”

ते पुढच्या वाक्याची तयारी करून बसले होते. माझ्या ‘हो’नं ती फुकट गेली. थोडा वेळ त्यांनी टेबलावरची टाचणी इकडून तिकडे केली, मग शिपायाला हाक मारून चहा सांगितला.

“ढवळीकरबाईंच्या चहात साखर जास्त घाल,” ते म्हणाले. “आज त्यांना लागेल.”

पुढचं सगळं तस्लीमनं केलं. जनुकांना नवे क्रमांक लावले. काचांची पहिली, दुसरी ही ओळख पुसून त्यांना अ, ब, क, ड केलं, तेही उलटसुलट. यादी स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवली आणि जाहीर केलं, “आता मला माहीत आहे, म्हणून मी मत देणार नाही. पाणी हवं असेल तर आणून देईन.”

“फार माजली आहे,” खळदकर माझ्या कानात म्हणाले.

“तुमचीच विद्यार्थिनी.”

“हे तिनं तुमच्याकडून उचललंय.”

तिनं आम्हाला डागांची मोजणीही दिली, नुसत्या अक्षरांखाली. ब आणि ड या दोन काचांवर सारखेच डाग. काढायच्या तर दोन्ही, ठेवायच्या तर दोन्ही. दोन काढल्या तर उरणार दोन, आणि दोन पंचांवर गावातला तंटाही मिटत नाही. ठेवल्या. मग त्यांतल्या एकीच्या ओरडण्याचं काय करायचं? बुधवारी मी तिला घराबाहेर काढलं होतं. आता त्याच कागदाकडे क्रमांक माहीत नसलेल्या डोळ्यांनी पाहिलं तर सरळ दिसत होतं की तिचा आवाज मोठा होता, सांगणं चुकीचं नव्हतं. बाकीच्या जिथे एक पाऊल वर गेल्या तिथे ती दोन गेली होती, जिथे त्या खाली तिथे हीही खालीच. वळणरेषा काढून झाल्यावर चारही काचांचा पसारा एका मापात आणला, एवढंच. साक्षीदार दुप्पट म्हणाले. काचा जुळल्या.

याला चार दिवस लागले. दोन दिवस आम्ही भांडलो, एक दिवस वीज नव्हती. खळदकर प्रत्येक क्रमांकाकडे ‘तूच का रे तो?’ अशा नजरेनं बघत आणि मग माझ्याकडे बघून नजर वळवत. मीही तेच करत होते. शेवटी सह्या झाल्या. दिवस सोमवार होता. गुरुवारची आठवण कुणी काढली नाही.

तस्लीमनं पेटी उघडली. यादीवरून तिचं बोट खाली खाली गेलं. पहिल्या वीस जणांत चौदा अशी, ज्यांना अजून कुणी नावही ठेवलेलं नव्हतं. बोट दुसऱ्या पानावर गेलं.

“त्रेसष्टावा,” ती म्हणाली.

खळदकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आत आहे, सर.”

“आत आहे,” ते म्हणाले. “दारापाशी, चपला सांभाळत.”

अकरा वर्षं. मला वाटलं होतं मला हसू येईल. आलं नाही.

“शीर्षकातून नाव काढावं लागेल, सर,” तस्लीम म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “प्रबंध आता त्याच्याबद्दल राहिला नाही.”

खळदकरांनी ते दुसरं पान पालथं ठेवलं.

“किती दिवस उरलेत?”

“पंधरा.”

“मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? लिहायला बस.”

प्रबंध चौदा जूनला गेला, मुदतीच्या आदल्या दिवशी. बार्शीचं काम झालं. पण मला त्याहून जास्त आठवते ती नऊ जूनची सकाळ. तस्लीम माझ्या खोलीत आली आणि तिनं तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. पद्धत कशी निवडली त्याचं ते प्रकरण. एका परिच्छेदाशेजारी खळदकरांची पेन्सिल उमटली होती: ‘हे आवश्यक आहे का?’

“सर म्हणाले, पहिली पोळी करपली तर ती कुणी पानात वाढतं का?” तस्लीम म्हणाली. “आणि म्हणाले, बाईंना विचार. त्या म्हणतील तसं.”

मसुदा इंग्रजीत होता, मराठीत त्याचा अर्थ असा: ‘पहिल्या निवडीच्या वेळी संस्थेच्या संख्याशास्त्र सल्लागारांना अनवधानाने जनुकांचे क्रमांक माहीत होते. त्या निवडीत एक काच पुरेशा कारणाशिवाय वगळली गेली. म्हणून ती निवड रद्द करून क्रमांक माहीत नसलेल्या परीक्षकांकडून नव्याने निवड करण्यात आली.’

प्रबंध तपासायला जाणार होता तो दोन विद्यापीठांत. त्या दोन्हीकडे संख्याशास्त्र शिकवणारी निम्मी माणसं मला ओळखत होती. काही माझे विद्यार्थी होते. त्यांना मी काय काय झाकायला शिकवलं होतं ते त्यांच्या वह्यांत अजून असेल.

“तुम्ही म्हणालात तर काढते, बाई,” ती म्हणाली. “निकालाला काही फरक पडत नाही.”

“पडत नाही,” मी म्हणाले आणि लाल पेन उचललं.

ती माझ्या हाताकडे बघत होती. मी एकच शब्द खोडला.

“अनवधानाने?” तिनं वाकून पाहिलं. “तो मी मुद्दाम घातला होता.”

“कळलं मला. पण क्रमांक मी लावले, मी पाहिले आणि मला आठवत होते. त्यात अनवधान कुठे आलं?”

तिनं मान हलवली. कागद उचलायला हात पुढे केला.

“थांब. सल्लागार कोण ते लिहिलेलं नाहीस.”

“संस्थेत एकच सल्लागार आहेत, बाई. सगळ्यांना कळेल.”

“ज्यांना कळायला हवं ते तुझ्या संस्थेत नाहीत. नाव घाल.”

तिनं माझी खुर्ची मागितली, माझ्याच संगणकावर ते पान उघडलं आणि बोटं ठेवून थांबली.

“नुसतं आडनाव घालू?”

“पूर्ण घाल. शरयू रघुनाथ ढवळीकर.”

ती टाईप करू लागली. मी तिच्या मागे उभी राहून, एकेक अक्षर बरोबर पडतंय ना, ते बघत होते.